लकी ड्रॉचा हिशेब: आधी तिकिटांचा, मग पैशांचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाच्या विकास मंडळाला वाचनालयाचे छप्पर नव्याने घालायचे आहे. त्यासाठी १०० रुपयांची ५,००० तिकिटे काढून शिमग्यात लकी ड्रॉ करायचा विचार आहे. पहिले बक्षीस स्कूटर. मंडळाची एक समिती गावात आहे, दुसरी मुंबईत. मागच्या ड्रॉनंतर ‘पैसे नक्की जमले किती?’ यावरून गावात कुजबुज झाली. या वेळी कोणालाही बोट दाखवायला जागा राहू नये, असा हिशेब कसा ठेवावा, असे खजिनदारांनी विचारले आहे.

खजिनदार, हिशेबाच्या आधी परवानगीचा विषय संपवावा लागेल, कारण बेकायदा ड्रॉचा हिशेब कितीही चोख असला तरी तो मंडळाला वाचवत नाही. पैसे देऊन तिकीट, नशिबावर निवड आणि बक्षीस या तीन गोष्टी एकत्र आल्या की कायद्याच्या नजरेत ती लॉटरी होते. तिकिटावर ‘देणगी कूपन’ किंवा ‘मदतीचा हात’ असे छापले म्हणून ती बदलत नाही. शासनाने अधिकृत न केलेल्या लॉटरीसाठी जागा चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अशा सोडतीची नुसती जाहिरात केली तरी ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे. म्हणजे एसटी स्टँडवरचा फलक आणि व्हॉट्सॲपवर फिरवलेला फोटोही त्यात येऊ शकतो. यावर केंद्राचा १९९८ चा लॉटरी कायदा आहे आणि राज्याचा १९५८ चा लॉटरी नियंत्रण व कराचा कायदाही आहे.

पुष्कळ मंडळांचा एक ठाम गैरसमज असतो की धर्मादाय कार्यालयाची परवानगी आहे, मग काळजी कसली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली जी परवानगी मिळते, ती वर्गणी आणि देणगी गोळा करण्याची असते. लॉटरी काढण्याची मुभा तिच्यात नाही. त्यामुळे ५,००० तिकिटे छापखान्यात जाण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज करा, उत्तर लेखीच घ्या आणि वकिलाला दाखवा. ‘साहेब तोंडी हो म्हणाले’ हे उत्तर धरू नका.

परवानगी मिळाली नाही, तर दोन सरळ वाटा उरतात. पहिली, कूपन पूर्णपणे मोफत ठेवायचे. कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकाला एक, देणगी दिली असो वा नसो. बक्षिसे दुकानदार आणि गावकऱ्यांकडून भेट मिळवायची आणि देणगी वेगळ्या टेबलावर, वेगळ्या पावती पुस्तकावर घ्यायची. ‘५०० च्या देणगीवर पाच कूपने’ असे केले की पुन्हा पैसे देऊन तिकीट झाले. दुसरी वाट कोकणाला नवी नाही, ती म्हणजे लिलाव. देवासमोर ठेवलेला नारळ, फळांची परडी, हंगामातली पहिली हापूसची पेटी यांवर बोली लावून गावे वर्षानुवर्षे पैसा उभा करत आली आहेत. बोलीत नशिबाचा भाग नाही, सगळे लोकांसमोर घडते आणि रक्कम तिथल्या तिथे वहीत उतरते. छपरासाठी दोन-तीन लाख हवे असतील, तर मला हीच वाट जास्त सोपी वाटते.

आता लेखी परवानगी हातात आहे असे धरून पुढे जाऊ.

ड्रॉचा हिशेब बिघडतो तो पैशांत नाही, तिकिटांत. खजिनदाराकडे आलेली रोकड तो नीट मोजतो, बँकेत भरतो, किर्दीत लिहितो. पण त्याच्याकडे यायला हवी होती ती रक्कम किती, हे सांगणारा कागदच नसतो. तो कागद म्हणजे तिकिटांची नोंदवही. छापलेले प्रत्येक तिकीट शेवटी चार रकान्यांपैकी एकात बसले पाहिजे: विकले, न विकता परत आले, रद्द केले, हरवले. चारांची बेरीज छापलेल्या आकड्याइतकी आली की जमा किती व्हायला हवी ते आपोआप ठरते आणि ‘पैसे किती जमले’ हा प्रश्न कोणाच्या विश्वासावर अवलंबून राहत नाही.

सुरुवात छपाईपासून करा. तिकीट तीन भागांचे घ्या, दोन ठिकाणी टोचे मारलेले. पहिला भाग ग्राहकाला जातो, दुसरा चिठ्ठी म्हणून पिंपात पडतो आणि तिसरा, म्हणजे स्थळप्रत, पुस्तकातच राहतो. तिन्हींवर एकच क्रमांक. नेहमीची दोन भागांची तिकिटे स्वस्त पडतात, पण त्यांतली स्थळप्रतच पिंपात जाते. ड्रॉ संपला की हिशेबाचा मूळ पुरावा गोणीत भरून कोणाच्या तरी माळ्यावर पडतो आणि हिशेब तपासनीसाला दाखवायला काही उरत नाही. तीन भागांना छपाईचा खर्च थोडा वाढतो, तो वाढू द्या. छापखान्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: बिलावर ‘क्रमांक ०००० ते ४९९९, एकूण ५,०००’ असा स्पष्ट उल्लेख, आणि खराब निघालेली तिकिटे नष्ट न करता मंडळाला परत दिल्याची नोंद.

२५ तिकिटांचे एक पुस्तक केले तर २०० पुस्तके होतात. १०० तिकिटांचे पुस्तक करू नका. एक पुस्तक हरवले की १०,००० रुपयांचा घोळ होतो आणि विकणारा माणूस संकोचाने गप्प बसतो. २,५०० रुपयांचा घोळ निस्तरता येतो. पुस्तक देताना वहीत पुस्तक क्रमांक, तिकिटांचे पहिले आणि शेवटचे क्रमांक, घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि सही घ्या. एका माणसाला एका वेळी दोनपेक्षा जास्त पुस्तके नकोत. जुन्यांचा भरणा झाल्यावरच नवे पुस्तक.

तिकिटावर काय छापायचे, यातच निम्मी पारदर्शकता येते. मंडळाचे नाव व नोंदणी क्रमांक, परवानगीचा क्रमांक व तारीख, पैसा कशासाठी, एकूण किती तिकिटे छापली, प्रत्येक बक्षीस व त्याची किंमत, ड्रॉची तारीख, वेळ व जागा, बक्षीस नेण्याची अखेरची मुदत आणि कर कोणी भरायचा ते. एकूण तिकिटांचा आकडा छापायला मंडळे कचरतात. पण १०० रुपये देणाऱ्याला आपण किती जणांतले एक आहोत, हे कळण्याचा हक्क आहे. ‘तिकिटे कमी विकली गेल्यास तारीख बदलेल’ अशी ओळ मात्र घालू नका. ड्रॉ पुढे ढकलला की लोकांच्या मनात पहिली शंका तिथेच शिरते. ३,००० तिकिटे विकली गेली तरी ठरल्या दिवशी, ठरलेली बक्षिसे द्यायची, असे गृहीत धरूनच बक्षिसांचा खर्च बेता.

मुंबईच्या समितीबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण कोकणातल्या मंडळांचे बहुतेक वाद या दोन टोकांच्या मधल्या जागेत उगवतात. तिकिटे विकली जातात परळ, विरार, डोंबिवलीत, आणि खर्च होतो गावात. मुंबईचा माणूस पैसे जमवतो, त्यातून बॅनरचे आणि चहापाण्याचे वळते करून घेतो आणि उरलेली रक्कम गणपतीला किंवा शिमग्याला गावी येताना पाकिटात घालून आणतो. त्याने एक रुपयाही खाल्लेला नसतो. पण वहीत १,२०,००० ऐवजी १,१३,४०० लिहिले जातात आणि मधले ६,६०० कुठे गेले, हे वर्षभराने त्यालाही आठवत नाही. म्हणून नियम एकच ठेवा: जमा झालेली पूर्ण रक्कम भरायची, त्यातून काहीही वळते करायचे नाही. मुंबईचा खर्च असेल तर बिल पाठवायचे आणि मंडळाच्या खात्यातून त्याला वेगळे पैसे द्यायचे. दोन समित्या असल्या तरी ड्रॉचे बँक खाते आणि तिकिटांची वही एकच, आणि खजिनदारही एकच.

यूपीआयचा क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच हवा. सेक्रेटरींच्या मोबाइल नंबरवर पैसे मागवणे सोयीचे वाटते, पण मग मंडळाची जमा त्यांच्या घरखर्चात मिसळते आणि उद्या प्राप्तिकर खात्याने विचारले तर उत्तर त्या बिचाऱ्यांना द्यावे लागते. पैसे पाठवताना शेऱ्यात पुस्तक क्रमांक लिहायला सांगा, ‘पु. ४७’ एवढे पुरे. ते नसेल तर बँकेच्या उताऱ्यात नुसत्या नावांची रांग दिसते आणि कोणता शंभर कोणत्या पुस्तकाचा, हे लावत बसावे लागते. ज्या वाडीत रेंज नाही तिथे रोख घ्या, पण मोजायला दोन माणसे आणि नोटांच्या वर्गवारीचा कागद ठेवा. ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती, खाली दोघांच्या सह्या. हातात १०,००० पेक्षा जास्त रोकड साठली की पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत भरा. भरणा स्लिपच्या मागे पुस्तक क्रमांक लिहा. सणाच्या आठवड्यात बँकेला सुट्ट्या लागून येतात, तेव्हा आधीच्या दिवशी सगळ्यांकडून रक्कम मागवून घ्या.

‘२५ विका, दोन मोफत’ हे आमिष टाळा. मोफत गेलेले तिकीट पिंपात पडते, पण त्याचे पैसे कुठेच नसतात आणि ताळमेळ बिघडतो. विक्रेत्याचे कौतुक करायचे तर कार्यक्रमात नारळ-शाल देऊन करा.

ड्रॉच्या ४८ तास आधी विक्री बंद. सगळी पुस्तके, विकलेल्या तिकिटांच्या चिठ्ठ्या आणि न विकलेली तिकिटे गावी पोचली पाहिजेत. मुंबईहून येणाऱ्यांसाठी ही मुदत आणखी एक दिवस आधीची ठेवा. रेल्वेला उशीर झाला म्हणून आलेला गठ्ठा ड्रॉ सुरू असताना पिंपात ओतणे, याहून वाईट दृश्य नाही. न विकलेल्या तिकिटांना सगळ्यांसमोर पंच मारा. हरवलेल्या पुस्तकांचे क्रमांक फलकावर लिहून रद्द जाहीर करा. मग ताळमेळ मांडा.

समजा, छापली ५,०००. परत आली ६५५, रद्द १८, हरवली १५. म्हणजे विकली ४,३१२ आणि जमा व्हायला हवेत ४,३१,२०० रुपये. बँकेत थेट आले २,६८,७००, रोख भरणा १,६०,०००, एकूण ४,२८,७००. फरक २,५०० रुपयांचा, बरोबर २५ तिकिटांचा. वही उघडली की ते कोणते पुस्तक हे पाच मिनिटांत कळते. वही नसती, तर फरक आहे हेच कळले नसते.

पिंपात फक्त विकलेल्या तिकिटांच्या चिठ्ठ्या जातात. कार्यकारिणीत नसलेल्या दोन माणसांकडून, शंभर-शंभरच्या गड्ड्या करून, त्या मोजून घ्या: ४,३१२ च भरल्या पाहिजेत. न विकलेल्या चिठ्ठ्या चुकून गेल्या आणि त्यांतली एक निघाली, तर ‘स्कूटर मंडळानेच ठेवली’ हे वाक्य गावात कायमचे राहते. पिंप निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, नाहीतर चिठ्ठ्या फिरत नाहीत आणि वर राहतात त्या शेवटी टाकलेल्याच. सगळ्या चिठ्ठ्या एकाच पद्धतीने दुमडा किंवा सगळ्या सपाट ठेवा. स्टेपल करू नका, त्या एकमेकींत अडकतात. ड्रॉ गणपतीत असेल तर दमट हवेने कागद चिकटतो. चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि ड्रॉच्या वेळीच पिंपात घाला. प्रत्येक बक्षिसानंतर पिंप पुन्हा फिरवा.

चिठ्ठ्या फार वाटत असतील तर अंकांनी सोडत काढता येते. चार डबे घ्यायचे आणि प्रत्येकातून एक अंक काढायचा. ०००० ते ४९९९ असे क्रमांक मुद्दाम सुचवले ते यासाठीच: पहिल्या डब्यात ० ते ४, बाकी तिघांत ० ते ९, की प्रत्येक तिकिटाला अगदी सारखी संधी मिळते. ०००१ ते ५००० छापले तर एकट्या ५००० साठी पहिल्या डब्यात ५ टाकावा लागतो आणि सरासरी सहांतून एकदा निरर्थक आकडा निघतो. न विकलेला क्रमांक निघाला, तर चारही अंक नव्याने काढायचे. पहिले तीन तसेच ठेवून फक्त शेवटचा बदलणे ही हमखास होणारी चूक आहे. ज्या दहाच्या गटात विकलेली तिकिटे कमी, त्यातल्या माणसाला त्यामुळे जास्त संधी मिळते.

निकाल तिथेच वहीत लिहा: बक्षीस, तिकीट क्रमांक, वेळ, काढणाऱ्याची आणि तीन साक्षीदारांची सही. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी तिकिटे घ्यायची की नाही, हे आधीच ठरावात लिहून ठेवा. घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिकिटाचे १०० रुपये त्यांनी देणगी म्हणून द्यावेत.

बक्षिसांच्या खरेदीला तीन दरपत्रके घ्या. दुकान कार्यकारिणीतल्या कोणाचे असेल, तर त्याने ते सभेत सांगावे आणि त्या ठरावावर मत देऊ नये. भेट मिळालेल्या वस्तूंचीही नोंद करा: दुकानदाराचे पत्र घ्या, बाजारभावाने एकदा जमेला आणि एकदा खर्चाला लिहा. मिक्सर फुकट आला म्हणून तो वहीत नसला, तर वर्षाअखेरीस ‘आणखी काय काय फुकट आले होते’ हा प्रश्न उभा राहतो. स्कूटर आधी मंडळाच्या नावावर नोंदवू नका, हस्तांतराचा खर्च आणि हेलपाटा दोन्ही पडतात. विक्रेत्याशी आधी बोलून ठेवा की बिल आणि नोंदणी ड्रॉनंतर विजेत्याच्या नावे होईल. विमा आणि नोंदणी कोणाच्या खर्चाने, हे तिकिटावर लिहा.

बक्षीस १०,००० रुपयांच्या वर गेले की ३० टक्के उद्गम कर (टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानेच आधी कापून सरकारकडे भरायचा कर) येतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात हे कलम १९४ब होते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू असल्याने उद्गम कराची कलमे त्यात ३९३ खाली एकत्र आली आहेत. वस्तूच्या बक्षिसात कापायला रोख नसते. म्हणून कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू हाती द्यायची नाही, ही जबाबदारी मंडळाची. ९५,००० ची स्कूटर असेल तर विजेत्याने आधी २८,५०० रुपये मंडळाकडे भरायचे आणि १८,००० च्या फ्रिजसाठी ५,४००. मंडळाने टॅन (कर कापणाऱ्याला प्राप्तिकर खात्याकडून मिळणारा) क्रमांक घेतलेला हवा, कर साधारणपणे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा (मार्चच्या ड्रॉला ३० एप्रिलपर्यंत), तिमाही विवरणपत्र द्यायचे आणि विजेत्याला कर कापल्याचे प्रमाणपत्र द्यायचे. ही रक्कम ड्रॉच्या जमेत मिसळू नका. विजेत्याला २८,५०० ची कल्पना आधी नसते आणि स्टेजवरच वाद होतो. म्हणून हा आकडा तिकिटावर छापा. गावातल्या बागायतदाराला ते जमेल, मजुराला जमणार नाही. त्यामुळे प्रत्येक बक्षीस १०,००० च्या आत ठेवून बक्षिसांची संख्या वाढवणे मला जास्त न्याय्य वाटते.

तिकीट घेणाऱ्याला देणगीवरच्या करसवलतीची (१९६१ च्या कायद्यातल्या कलम ८०जी ची) पावती देऊ नका. त्याने बक्षिसाच्या संधीसाठी पैसे दिले, ती देणगी नव्हे. मंडळाची प्राप्तिकरात धर्मादाय म्हणून नोंदणी असेल, तर ड्रॉचे उत्पन्न कोणत्या सदरात दाखवायचे हे सीएंना ड्रॉच्या आधी विचारा.

हिशेब १५ दिवसांत, एका पानावर, देवळाच्या आणि शाळेच्या फलकावर लावा, मुंबईच्या गटातही टाका. वरच्या उदाहरणात बक्षिसे १,३८,४००, छपाई ८,६००, कार्यक्रम १२,३००, टपाल व बँक १,९००, एकूण खर्च १,६१,२००. उरले २,७०,०००, त्यांपैकी २,५०० येणे. याच पानावर लिहा की शंभर रुपयांतले सुमारे ६३ छपराला, ३२ बक्षिसांना, ५ बाकी खर्चाला गेले. ताळेबंदात ‘वाचनालय छप्पर निधी’ असे वेगळे खाते दाखवा आणि पत्रे, लाकूड, मजुरी यांची बिले त्याच खात्याला लावा. येणे असलेल्या पुस्तकाचा क्रमांक फलकावर द्या, माणसाचे नाव देऊ नका. नाव कार्यकारिणीच्या वहीत असतेच, आणि फलकावर चढवलेला माणूस पुढच्या वर्षी पुस्तक घेत नाही. न नेलेल्या बक्षिसाचे काय करायचे, तेही तिकिटावर छापलेल्या नियमानेच.

नोंदणीकृत न्यासाचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो आणि लेखापरीक्षण सहा महिन्यांत व्हावे लागते. शिमग्याचा ड्रॉ बहुधा मार्चमध्ये पडतो, म्हणून विक्री एका वर्षात आणि छपराचा खर्च दुसऱ्या वर्षात येईल. निधीचे वेगळे खाते त्यासाठीही लागते. प्राप्तिकरात नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेला हिशेबाची पुस्तके १० वर्षे जपावी लागतात. स्थळप्रतीही त्यांच्यासोबत ठेवा. दुकानांच्या थर्मल कागदावरच्या पावत्या कोकणातल्या दमटपणात दोन पावसाळ्यांत कोऱ्या होतात, त्यांची झेरॉक्स लगेच काढून जोडा.

राहिला मागच्या ड्रॉचा हिशेब. आता नव्या वह्या लिहून तो जुळवायला बसू नका. बँकेचा उतारा, छापखान्याचे बिल आणि सापडतील तेवढ्या स्थळप्रती एकत्र करा. छापलेली तिकिटे, बँकेत भरलेली रक्कम आणि बिले असलेला खर्च, एवढे तीन आकडे सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा. ज्याचा कागद नाही त्यापुढे ‘कागद उपलब्ध नाही’ असेच लिहा आणि ते इतिवृत्तात येऊ द्या. त्याच सभेत नव्या ड्रॉचे नियम ठरावाने मंजूर करून घ्या आणि दोन हिशेब तपासनीस नेमा, एक गावातला, एक मुंबईचा, दोघेही कार्यकारिणीबाहेरचे. तिकिटांची वही त्यांना कोणत्याही दिवशी मागता यावी, हे ठरावात लिहिलेले असू द्या.